न नांगरलेल्या प्रेअरीला पर्याय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हवामानबदलाविषयी जो लेख आला, त्यात उत्तर अमेरिकेतील प्रेअरीचा उल्लेख 'ओसाड गवताळ पट्टे' असा झाला आहे. अशा पट्ट्यांवर मोठ्या प्रमाणात झाडे लावली तर हवेतील कार्बन शोषला जाईल, आणि जी प्रेअरी शेतीखाली गेली आहे ती मनात आले की बी पेरून परत आणता येईल, अशी दोन विधानेही त्यात ओघाने येऊन गेली आहेत. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती खरी मानून धोरणे आखली तर पृथ्वीवरील सर्वाधिक नष्ट झालेल्या परिसंस्थांपैकी एकीचे उरलेसुरले तुकडेही हातचे जातील, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाऊन्स ही नावे मुलांकडून घोकून घेतली आणि 'प्रेअरी म्हणजे जगाचे गव्हाचे कोठार' हे वाक्य फळ्यावर न चुकता लिहिले. त्या कोठाराखाली काय गाडले गेले, हा प्रश्न ना मुलांनी विचारला, ना मला सुचला. तेव्हा आपल्या लेखकाला नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाही.

'ओसाड' हा शब्द तसा जुनाच आहे. १८२० मध्ये स्टीफन लाँग यांच्या मोहिमेने रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मैदाने पाहिली आणि त्यानंतर निघालेल्या नकाशावर त्या प्रदेशाला 'महान अमेरिकी वाळवंट' असे नाव पडले. झाड दिसत नाही म्हणजे जमीन निकामी, हा जंगलातून आलेल्या माणसाचा हिशेब होता. पुढे त्याच जमिनीची सुपीकता कळली तेव्हा हिशेब उलटला, पण गवताची किंमत दोन्ही हिशेबांत शून्यच धरली गेली. प्रत्यक्षात पूर्वेकडे भरपूर पावसाची उंच गवताची प्रेअरी, पश्चिमेला रॉकीच्या पर्जन्यछायेतील आखूड गवताची, आणि या दोहोंमध्ये मिश्र गवताची, असा हा प्रदेश पावसाच्या मापाने बदलत जातो, आणि प्रत्येक पट्ट्यातील गवते, फुलझाडे, कीटक व पक्षी वेगळे असतात.

प्रेअरीचा मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही, कारण तो जमिनीखाली असतो. नेब्रास्का विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माणूस उभा राहील एवढे खोल चर खणून गवतांची मुळे मोकळी केली आणि त्यांची बारकाईने चित्रे काढली. बिग ब्लूस्टेम हे उंच प्रेअरीचे मुख्य गवत आपल्या ज्वारीच्याच गणातले असून ते पुरुषभर उंच वाढते, आणि त्याची मुळे दोन मीटरहूनही खोल जातात. उत्तर-दक्षिण दिशेला पाने धरणाऱ्या कंपास प्लांट नावाच्या फुलझाडाची मुळे तर चार मीटरच्याही खाली पोहोचतात. या मुळांचा काही भाग दरवर्षी मरतो, कुजतो आणि मातीत मिसळतो. हजारो वर्षे हे चालत राहिले तेव्हा कुठे ती काळी, खोल, भुसभुशीत माती तयार झाली, जिच्यावर आजचा मका आणि सोयाबीन उभा आहे. प्रेअरीने साठवलेला कार्बन मुख्यतः या मातीत आहे. वरचे गवत आगीत जळून गेले तरी तो साठा जागेवर राहतो, आणि जंगलातील कार्बनच्या तुलनेत त्याचे हेच मोठे बळ आहे. जमीन नांगरली मात्र, की मातीला हवा लागते, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजू लागतात आणि शतकानुशतकांची ही ठेव काही दशकांत मोडली जाते. अमेरिकेच्या मका-पट्ट्यातील सुमारे एक तृतीयांश शेतजमिनीवरून कार्बनने समृद्ध असा वरचा मातीचा थर पूर्णपणे निघून गेला आहे, असा अंदाज उपग्रहचित्रांच्या आधारे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा नांगर कधी लागला, हे माहीत असले म्हणजे हानीचा वेग कळतो. ओतीव लोखंडाच्या नांगराला प्रेअरीची चिकट माती लगडून बसत असे. १८३७ मध्ये जॉन डीअर या लोहाराने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि ती अडचण दूर झाली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली. ती जमीन रिकामी नव्हती. लकोटा, पॉनी, ओसेज, कॉ अशा अनेक मूळ रहिवासी जनसमूहांकडून ती करारांनी, कपटाने आणि बळाने काढून घेतलेली होती. उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेली होती, तिच्यातील आज ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे. इलिनॉय राज्य स्वतःला अभिमानाने 'प्रेअरी राज्य' म्हणवून घेते, पण तेथे चांगल्या स्थितीतील मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही शिल्लक नाही. आयोवाची कथा वेगळी नाही.

जे उरले ते कोठे उरले, हे फार बोलके आहे. सर्वांत मोठा सलग भाग कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्समध्ये आणि त्याला लागून दक्षिणेकडे ओक्लाहोमात आहे, आणि तो वाचला याचे श्रेय कोणा द्रष्ट्या माणसाला नाही, तर तेथल्या चुनखडकाला आहे. मातीचा थर पातळ, खाली गारेचे कठीण दगड; नांगर चालेना, म्हणून लोकांनी तेथे गुरे चारली आणि गवत टिकले. इलिनॉय-आयोवासारख्या सपाट, सुपीक राज्यांत मूळ प्रेअरीचे तुकडे सापडतात ते जुन्या वसाहतवाल्यांच्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यांत, म्हणजे जेथे नांगर नेण्यास माणसाला संकोच वाटला किंवा परवानगी नव्हती, तेथे. एकेका दफनभूमीचे क्षेत्र जेमतेम काही एकर असते. कित्येक मैलांच्या मक्यात असा एखादा तुकडा, आणि त्यात अजून तग धरून असलेल्या डझनावारी वनस्पती, एवढाच त्या परिसराचा मूळ वारसा असतो.

आता लेखातील झाडांच्या सूचनेकडे येतो. प्रेअरीवर झाडे लावण्याची कल्पना नवी नाही, ती अमेरिकेत दीडशे वर्षे करून पाहिली गेली आहे. जगभर साजरा होणारा वृक्षारोपण दिन, 'आर्बर डे', सुरू झाला तोच मुळी नेब्रास्कात, १८७२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन गवताच्या प्रदेशात. पुढच्याच वर्षी 'टिंबर कल्चर' कायदा आला: १६० एकरांपैकी ४० एकरांवर झाडे लावा आणि जमिनीचे मालक व्हा. कोरड्या मैदानांत ही झाडे फारशी जगली नाहीत, कायद्याचा गैरवापर मात्र भरपूर झाला आणि अखेर १८९१ मध्ये तो रद्द करावा लागला. १९३० च्या दशकातील वारारोधक पट्ट्यांची योजना त्या मानाने शहाणपणाची होती, कारण ती नांगरलेल्या शेतांच्या कडेला झाडे लावत होती, मूळ गवतावर नव्हे. हा फरक आपल्या लेखात कोठेच आलेला नाही.

आज मात्र प्रेअरीवर झाडे कमी पडत नाहीत, उलट ती न बोलावता येत आहेत. ईस्टर्न रेडसीडार हे जुनिपरच्या जातीचे झाड तेथलेच, परदेशी नव्हे. पूर्वी ते आगीच्या भीतीने कडेकपारीत आणि ओढ्यांच्या घळींत दबून असे. आग थांबवली गेल्यापासून ते नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमातील कुरणांवर इतक्या वेगाने पसरत आहे की तेथले लोक त्याला 'हिरवी हिमनदी' म्हणतात. त्याच्या दाट सावलीखाली गवत मरते, चारा घटतो, जमिनीतील पाणी अधिक ओढले जाते, आणि मोकळ्या माळाची सवय असलेले प्रेअरी चिकनसारखे पक्षी, जे उंच झाडांच्या जवळपासही घरटे करत नाहीत, तो भाग कायमचा सोडून जातात. नेब्रास्कातील पशुपालक आज याच झाडांची रोपे कापण्यासाठी आणि कुरणे जाळण्यासाठी शेजाऱ्यांना घेऊन मंडळे स्थापन करत आहेत. ज्या राज्याने जगाला वृक्षारोपण दिन दिला, त्याच राज्याला गवत वाचवण्यासाठी झाडे तोडावी लागत आहेत. अशा ठिकाणी कार्बनच्या नावाने आणखी झाडे लावा असे सुचवणे म्हणजे तुंबलेल्या विहिरीत गाळ टाकण्यासारखे आहे.

आगीविषयी मराठी वाचकाच्या मनात साहजिकच धास्ती असते, कारण वणवा म्हटले की आपल्यासमोर जळणारे जंगल येते. परंतु प्रेअरीतील गवताचे वाढीचे टोक जमिनीलगत किंवा जमिनीखाली असते. आग वरून निघून जाते, साचलेला वाळका कचरा साफ होतो, ऊन मातीपर्यंत पोहोचते आणि काही दिवसांत हिरवे कोंब दिसू लागतात. झाडांच्या रोपट्यांचे वाढीचे टोक वर असते म्हणून ती मरतात. वीज पडून लागणाऱ्या आगींबरोबरच तेथील मूळ रहिवासी शिकारीसाठी आणि ताज्या चाऱ्यासाठी विचारपूर्वक गवत पेटवत असत, तेव्हा ही आग निसर्गाइतकीच माणसांच्या ज्ञानाचीही होती. कॅन्ससमधील मॅनहॅटन या गावाजवळ कोन्झा प्रेअरी नावाचे सुमारे ८,६०० एकरांचे संशोधन केंद्र आहे. तेथे १९७० च्या दशकापासून काही पाणलोट दरवर्षी, काही दोन वर्षांनी, काही चार वर्षांनी, तर काही २० वर्षांनी जाळून काय होते याची नोंद ठेवली जात आहे. दीर्घकाळ न जाळलेल्या भागांत झुडपे आणि झाडे शिरली, हे तेथे जाऊन कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसते. अर्थात आग हा सर्व रोगांवरचा उपाय नाही. दरवर्षी सगळेच कुरण एकदम जाळले तर पक्ष्यांना अंडी घालायला आडोसा उरत नाही, गवतातच सुप्तावस्थेत असणारी फुलपाखरांची सुरवंटे जळतात, आणि वसंतात फ्लिंट हिल्समधून उठणारा धूर दूरच्या शहरांची हवा बिघडवतो. म्हणून अलीकडे कुरणाचे भाग पाडून दरवर्षी एकच भाग जाळायचा आणि गुरांना कोवळ्या गवतामागे स्वतःच फिरू द्यायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते.

चरणाऱ्या प्राण्यांचा विषय आगीला जोडूनच आहे. आपल्याकडे गव्याला इंग्रजीच्या प्रभावाने 'बायसन' म्हणतात, पण प्रेअरीचा बायसन हा वेगळा, केसाळ मानेचा प्राणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या ३ ते ६ कोटी असावी असे अंदाज आहेत. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे आणि मूळ रहिवाशांचा अन्नाधार तोडण्याच्या उघड इराद्यामुळे १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते हजाराच्या आसपास उरले. बायसन प्रामुख्याने गवत खातो, फुलझाडे बहुतांशी सोडतो. त्यामुळे दांडग्या गवतांचा जोर कमी होऊन इतर वनस्पतींना जागा मिळते. तो धुळीत लोळतो तेथे खळगे पडतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साठते. कोन्झामधील २९ वर्षांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बायसन परत आणलेल्या भागांत मूळ वनस्पतींच्या जातींची संख्या जवळजवळ दुप्पट झाल्याचे, आणि तीव्र दुष्काळानंतरही ती टिकून राहिल्याचे आढळले. गुरे चारलेल्या भागांतही वाढ होती, पण बरीच कमी. बायसन सोडणे सर्वांना शक्य नाही हे मान्य. तथापि चराई म्हणजे ऱ्हास, हे समीकरण तरी यामुळे मोडते.

प्रेअरीतील जीवांची साखळी किती घट्ट विणलेली आहे, याचे मला सर्वाधिक भावणारे उदाहरण म्हणजे प्रेअरी डॉग. नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला, बिळांची वसाहत करून राहणारा प्राणी. चाऱ्यात वाटेकरी म्हणून पशुपालकांनी आणि सरकारी यंत्रणेने त्याला दशकानुदशके विष घातले, बाहेरून आलेल्या प्लेगनेही वसाहतीच्या वसाहती संपवल्या. त्याच्या बिळांत राहणारी घुबडे बेघर झाली, आणि जवळजवळ केवळ त्याच्यावर जगणारा काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी १९७९ मध्ये नामशेष समजला गेला. १९८१ मध्ये वायोमिंगमधील एका पशुपालकाच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट दारात आणून टाकला, तेव्हा शेवटची छोटी वसाहत सापडली. रोगामुळे तीही घटत गेली आणि १९८७ पर्यंत उरलेले १८ प्राणी पकडून त्यांच्यापासून पुढची पैदास करावी लागली. २०२० मध्ये तर गोठवून ठेवलेल्या पेशींपासून एका फेरेटचा क्लोनही जन्माला घातला गेला. इतके अचाट विज्ञान वापरूनही अडचण तीच राहिली आहे: सोडायचे कोठे? प्रेअरी डॉगच्या मोठ्या, निरोगी वसाहती हव्यात, आणि त्यासाठी अखंड गवत हवे.

पक्ष्यांची आकडेवारी त्याहून व्यापक आहे. उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांचे पक्षी १९७० नंतर ५३ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासात दिसले. इतर कोणत्याही अधिवासातील पक्ष्यांची घट एवढी मोठी नव्हती. डकोटा स्किपर आणि पोवेशीक स्किपरलिंग या मूळ प्रेअरीवाचून न जगणाऱ्या दोन लहान फुलपाखरांना २०१४ मध्ये संघीय कायद्याखाली संरक्षण द्यावे लागले. मोनार्क फुलपाखरांच्या सुरवंटांना मिल्कवीड लागते, जे आपल्या रुईचेच भाईबंद. ते शेतांतून तणनाशकांनी जवळजवळ हद्दपार केले आहे.

'पुन्हा पेरू' या दुसऱ्या विधानाबद्दल. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात कर्टिस प्रेअरी नावाचा तुकडा आहे. १९३० च्या दशकात, निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्ड यांच्यासारख्यांच्या सहभागाने, जुन्या शेतजमिनीवर तो घडवायला सुरुवात झाली आणि पुनःस्थापित प्रेअरींमध्ये तो सर्वांत जुना समजला जातो. पुनःस्थापनेच्या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला, जाळण्याचे महत्त्वही तेथल्या प्रयोगांतून सिद्ध झाले. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण नव्वद वर्षांच्या मेहनतीनंतरही बाहेरून शिरणाऱ्या वनस्पतींशी तेथे लढावेच लागते आणि पेरलेल्या प्रेअरीत सर्वसाधारणपणे मूळ प्रेअरीइतक्या जाती आढळत नाहीत. गवत लवकर रुजते. दुर्मीळ फुलझाडे, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा, जमिनीतले कीटक आणि मातीतला कार्बन या गोष्टी बियाण्याच्या पोत्यातून येत नाहीत. शिवाय पेरायला बी लागते, आणि त्या त्या ठिकाणच्या हवामानाला सरावलेले बी मिळते ते दफनभूमीतल्या आणि रुळांकडेच्या त्या उरलेल्या तुकड्यांतूनच. तेच गेले तर पुनःस्थापना करायची कशापासून, याचे उत्तर लेखात नाही.

धोरणांच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव धरसोडीचा आहे. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला, नांगरलेली मैदाने उडू लागली, १४ एप्रिल १९३५ चा तो प्रचंड धूळवादळाचा 'काळा रविवार' आला आणि त्याच महिन्यात मृदासंधारण सेवेचा कायदा झाला. सरकारने विकत घेतलेल्या उजाड शेतांपैकी बरीचशी आज 'राष्ट्रीय गवताळ प्रदेश' म्हणून राखली जातात. असे २० प्रदेश मिळून जवळजवळ ४० लाख एकर होतात. १९८५ पासून शेतकऱ्याला भाडे देऊन धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवण्याची योजना चालू आहे. पण करार संपतो त्या वेळी मक्याला भाव असेल तर गवत पुन्हा नांगराखाली जाते. मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलची मागणी वाढली त्या काळात, २००६ ते २०११ दरम्यान, डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवाच्या पट्ट्यात सुमारे १३ लाख एकर गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेल्याचे नोंदले गेले. हरित इंधन म्हणून जे पेट्रोलमध्ये मिसळले, त्याच्यासाठी मातीतला कार्बन मोकळा केला गेला, हा हिशेब कोणी मांडायचा? २०१४ च्या शेती कायद्याने मूळ गवत नव्याने मोडणाऱ्याला पीकविम्याच्या हप्त्यावरील अनुदान पहिली चार वर्षे कमी केले, ही योग्य दिशा होती. परंतु ती तरतूद केवळ सहा राज्यांपुरती आहे. मूळ प्रेअरी मोडणाऱ्याची जोखीम करदात्याने मुळीच उचलू नये, आणि हा नियम सर्व राज्यांना लागू असावा, असे माझे मत आहे.

उरलेली प्रेअरी बहुतांशी खासगी मालकीची आहे, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. कॅन्ससमधील राष्ट्रीय संरक्षित प्रेअरी १९९६ मध्ये स्थापन झाली ती स्थानिक पशुपालकांच्या प्रदीर्घ विरोधानंतर, आणि तडजोड अशी की सुमारे ११,००० एकरांपैकी केंद्रीय उद्यान सेवेने १८० एकरांपेक्षा जास्त जमीन स्वतःच्या मालकीची करायची नाही. बाकीची आज एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या ताब्यात आहे. मला ही तडजोड अपमानाची वाटत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारून आणि जाळून ते गवत राखले, त्यांना कुरण विकण्यापेक्षा राखणे परवडले पाहिजे. कॅनडातही धूळवादळांनंतर सामूहिक कुरणांची उत्तम व्यवस्था उभी राहिली होती. २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यातून अंग काढून घेतले आणि ती कुरणे प्रांतांवर सोपवली.

शेतीशी भांडण न करता काय होऊ शकते हेही नमूद केले पाहिजे. आयोवातील प्रयोगांत शेताच्या केवळ १० टक्के भागावर, उताराला आडवे, प्रेअरीच्या वनस्पतींचे पट्टे लावले असता मातीची धूप सुमारे ९५ टक्क्यांनी घटली, आणि परागीकरण करणारे कीटक व पक्षी लक्षणीय वाढले. हे पट्टे म्हणजे प्रेअरी नव्हे, पण मक्याच्या शेतात यापेक्षा चांगला शेजारी सापडणार नाही.

आपणास विनंती अशी की, लेखासोबत छापलेल्या नकाशात हा सगळा प्रदेश 'वृक्षलागवडीस उपलब्ध' या रंगात दाखवला गेला आहे, तेवढी दुरुस्ती तरी पुढील रविवारी छापावी. अनेक शाळांत आपल्या पुरवणीची कात्रणे भूगोलाच्या फलकावर लावली जातात. माझ्या शाळेतही लावली जात असत, आणि ती लावणारा मीच होतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक